पोळपाटाच्या पोटावर नाव: छोटी पण वाचता येणारी कोरीव खूण कशी करावी?

शिवणकाठी (धागाकर्ता)
पोळपाट, पाट, चौरंग, आडोळीची (विळीची) बैठक अशा वस्तूंच्या खालच्या बाजूला बनवणाऱ्याची छोटी खूण कोरायची आहे. जागा ६० मि.मी. लांब, २५ मि.मी. रुंद. मजकूर दोन ओळींचा. वर दुकानाचं सात अक्षरी नाव, खाली 'वेंगुर्ले' आणि वर्ष. एकेक ओळ १० मि.मी. उंचीची. लाकूड बहुतेक शिवण आणि फणस, कधी सागवान. हत्यारं म्हणजे कोरायचा चाकू आणि ३ मि.मी.ची पटाशी.

अडचणी तीन. शिरोरेखेखालचे कण उडतात. फणसात 'व'चं पोट निघूनच येतं. आणि कोरल्यावर छान दिसणारं अक्षर पॉलिश झालं की बुजतं, पावसाळ्यात तर जास्तच. लेझर नको आहे, हातानेच करायचं आहे. उंची, खोली, कोरण्याचा क्रम, जे असेल ते आकड्यांत सांगा.

आडोळी
आधी मजकूर कापा, मग लाकूड. सात अक्षरं, गाव, वर्ष ही खूण नव्हे, लग्नपत्रिका झाली.

मालवणी_मसाला
माका एक कळत नाय, पोळपाट उलटो करून वाचूक कोण बसतलो?

समईवात
@मालवणी_मसाला, जो रोज घासून उपडा ठेवतो तो. ह्या घरात एवढा वाचला जाणारा दुसरा मजकूर नसेल.

कोकण_कानस
आडोळी बरोबर बोलले, पण कारण द्यायला हवं.

'वेंगुर्ले' हा शब्द कोरणाऱ्याच्या दृष्टीने बघा. 'वें'वर मात्रा आणि अनुस्वार. 'गु'ला खाली उकार. 'र्ले'वर मात्रा आणि रफार दोन्ही. म्हणजे तीन अक्षरांत शिरोरेखेच्या वर चार वस्तू आणि खाली एक. १० मि.मी.तले ३ वर गेले, अडीच खाली गेले, अक्षराच्या अंगाला उरले जेमतेम साडेचार. आता रेघ १ मि.मी. जाडीची धरली, तर 'व'च्या गाठीची बाहेरची उंची ३, त्यातून दोन्ही बाजूंच्या रेघा वजा केल्या की आत न कोरलेल्या लाकडाचं १ मि.मी.चं बेट राहतं. फणसाची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात एवढी मोठी. त्या बेटाच्या मधोमध एखादं छिद्र आलं की बेट गेलंच.

हिशोब असा ठेवा: अक्षराच्या अंगाची उंची (मात्रा, उकार सोडून) रेघेच्या जाडीच्या निदान सातपट हवी. १ मि.मी. रेघ तर ७ मि.मी. अंग. म्हणजे 'वेंगुर्ले' नीट वाचता यायला एकूण १५ मि.मी. उंची लागेल. तेवढी जागा नसेल तर नुसतं 'वें' लिहा, ज्याला कळायचं त्याला कळतं.

फणसपोळी
सातपट शिवणीला ठीक. फणसाला मी नऊपट धरेन. सागवानात वेगळीच गंमत. वर्षवलयात मऊ पट्टा, कठीण पट्टा आळीपाळीने येतात, चाकू मऊ पट्ट्यात सुळकन जातो आणि कठीण पट्ट्याला अडून भलतीकडे वळतो. शिवाय सागात सिलिका असते, चार अक्षरांत धार उतरते. एवढ्याशा खुणेला शिवणीसारखं लाकूड नाही. रंग फिका, पोत एकसारखा, आणि चाकूचं ऐकणारं.

शिवणकाठी
@कोकण_कानस, हे मात्रांचं गणित डोक्यातच आलं नव्हतं. मग शिरोरेखाच काढून टाकली तर? वरची जागाही वाचेल आणि कण उडण्याची भानगडही संपेल.

पाटपाणी
गुजरात गाठाल. :)

चिपळूणची_चिपळी
पाटपाणींचा विनोद बाजूला ठेवला तरी अडचण खरी आहे. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' ह्या जोड्यांत शिरोरेखेतल्या फटीची मोठी मदत असते. रेघ काढलीत की उरतो तो कोपऱ्यातला एवढासा गोल वळसा, आणि १० मि.मी.त तोच वळसा सगळ्यात आधी मोडतो. तुमच्या नावात ही अक्षरं नसतील तर शिरोरेखा खुशाल काढा. असतील तर राहू द्या.

मोडीवाला
मोडीत एकच अक्षर घ्या, गोल वळणांचं, सुटसुटीत. मोडीत तसंही आधी पूर्ण रेघ ओढून मग अक्षरं लिहायची पद्धत होती, कोरायलाही तोच क्रम सोयीचा.

आडोळी
धाग्याच्या नावात 'वाचता येणारी' लिहिलंय हो. मोडी वाचणारं गिऱ्हाईक शोधायला आधी पुराभिलेखागारात जावं लागेल.

कोकण_कानस
क्रमाचा विषय निघालाच आहे तर माझ्या मते आडव्या शिरोरेखेच्या आधी सगळे उभे काने कोरावेत. ओळ फळीच्या लांबीला समांतर असली की काना लाकडाचे रेषे (तंतू) आडवे कापत जातो, तिथे पातं स्वच्छ चालतं. कान्याचं वरचं टोक शिरोरेखेच्या अर्धा मि.मी. अलीकडे थांबवायचं. शेवटी शिरोरेखा एका दमात ओढायची, म्हणजे सगळे जोड तिच्यात साफ होतात.

गोलची
असहमत, आणि शिवणकाठींचे कण ह्याच क्रमामुळे उडत असणार.

शेजारच्या दोन कान्यांमध्ये जे लाकूड उरतं त्यातले रेषे किती लांब? ओळ रेष्यांना समांतर, म्हणजे दोन कान्यांतलं अंतर तेवढीच त्यांची लांबी. २ मि.मी. अंतर असेल तर दोन मि.मी.चे तुटके रेषे, दोन्ही टोकं मोकळी, फक्त बुडाशी धरलेले. त्यांच्या डोक्यावरून मग शिरोरेखेची खालची कड कापायला गेलात की पातं पाचरीसारखं शिरतं आणि तो ठोकळा टुणकन उडतो.

म्हणून शिरोरेखेची खालची कड सगळ्यात आधी, लाकूड अखंड असताना. पूर्ण रेघ कोरू नका. फक्त चाकू उभा धरून खालच्या कडेने दोनदा हलक्या हाताने ओढा, अर्धा मि.मी. खोल. पहिल्या ओढीला पातं रेष्याबरोबर वाहवत जातं, म्हणून स्टीलची पट्टी दाबून धरा आणि पट्टी अक्षरांच्या बाजूला ठेवा, वरच्या बाजूला नको. पातं घसरलंच तर वरच्या बाजूला घसरेल, तिथलं लाकूड तसंही काढायचंच आहे. मग काने, मग गाठी आणि वळणं, सगळ्यात शेवटी शिरोरेखेची वरची कड तिरकी कापून चिरफळी काढा.

कोकण_कानस
@गोलची, आधी कड आखून घ्यायची हे पटलं. मी 'शिरोरेखा शेवटी' म्हणालो ते चिरफळी काढण्यापुरतं खरं, कड आखण्यापुरतं चूक. माझी दुरुस्ती.

समईवात
ह्या संस्थळावर कोणीतरी 'माझी दुरुस्ती' म्हणालं. तारीख लिहून ठेवा, आणि १ मि.मी. खोल कोरा.

शिवणकाठी
खोलीचं काय? आत्ता अंदाजाने चाललंय.

गोलची
खोली वेगळी ठरवायचीच नसते, ती रुंदी आणि पात्याच्या कलातून आपोआप येते. व्ही आकाराची खाच ९० अंशांची असेल तर खोली रुंदीच्या निम्मी. ६० अंशांची असेल तर रुंदीच्या ०.८७ पट. चाकू पृष्ठभागाशी साधारण ६५ अंशांत धरून दोन्ही बाजूंनी कापलंत तर रुंदीपेक्षा किंचित जास्त, १ मि.मी. रुंदीला सुमारे १.१ मि.मी.

छोट्या अक्षराला उभट खाच हवी. पसरट खाचेत सावली पडत नाही आणि अक्षर म्हणजे सावलीच असते. तुमची ३ मि.मी.ची पटाशी मात्र ह्या कामाला रुंद आहे. ती कान्याच्या टोकाला थांब-काप (पातं पुढे घसरू नये म्हणून उभा काप) द्यायला वापरा, वळणाला नको.

रंधा_नं_५
पात्याबद्दल. पॉवर हॅक्सॉचं जुनं पान (हाय स्पीड स्टीलचं घ्या, साधं कार्बन नको) ग्राइंडरवर घासून टोकदार करा. टोकाची रुंदी ५-६ मि.मी. आणि कटिंग बाजू सरळ. हाय स्पीड स्टील घासताना तापलं तरी पाणी (कडकपणा) उतरत नाही. साध्या कार्बन स्टीलचं टोक निळं पडलं की संपलं, तेवढा भाग घासून टाकावा लागतो. मग १००० चा दगड, ६००० चा दगड, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी पेस्ट. धार तपासायला शिवणीच्या तुकड्यावर आडवा काप द्या. कापाची भिंत चकचकीत दिसली पाहिजे. पांढुरकी, केसाळ दिसली तर परत दगडावर.

आणि एक. कोरण्याआधी त्या जागी पॉलिश पेपर मारू नका. पेपरचे कण लाकडाच्या छिद्रांत राहतात आणि धार खातात. रंधा किंवा स्क्रेपरने साफ करा. पेपर मारावाच लागला असेल तर कडक ब्रशने झाडून घ्या.

तारकर्लीचो_वारो
पोळपाटाच्या धाग्यात शिरून होडीचं बोलतो, माफी असावी. नोंदणीकृत जहाजाचा अधिकृत क्रमांक मुख्य तुळईवर कायमचा कोरण्याचा नियम जुना आहे. रंगवलेला आकडा पुसून दुसरा घालता येतो, कोरलेला आकडा घासला तरी खड्डा राहतो. आपली खूणही त्याच हिशोबाने खोल हवी.

पाटपाणी
म्हणजे पोळपाट समुद्रात बुडाला तरी मालक सापडेल.

फणसपोळी
सगळेच खुणेसाठी अक्षरं कोरत बसत नाहीत. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या किलबर्न गावचे रॉबर्ट थॉम्प्सन (१८७६–१९५५) ओकच्या फर्निचरवर छोटा उंदीर कोरायचे. लोक त्यांना 'माउसमन' म्हणूनच ओळखायचे. पॅरिसमध्ये त्याउलट. तिथल्या सुतारसंघाच्या १७४३ च्या नियमांत कारागिराने आपल्या नावाचा लोखंडी शिक्का हातोडीने ठोकणं बंधनकारक होतं. शिवणकाठी, तुम्ही एखादं चित्रच का नाही घेत?

मालवणी_मसाला
बांगडो घाल. सोपो आसा, दोन वाकड्यो रेघो आनि एक डोळो.

शिवणकाठी
बांगडा विचाराधीन. :) पण ठोकायच्या शिक्क्याचं विचारायचंच होतं. हार्डवेअरच्या दुकानात ३ आणि ६ मि.मी.चे स्टीलचे अक्षरपंच मिळतात. ते चालतील?

गोलची
ते बहुतेक इंग्रजी अक्षरांचे आणि आकड्यांचे असतात. वर्षापुरते चालतील. पण मऊ लाकडात पंच काही कापत नाही, तो रेषे दाबतो. पाणी लागलं की दाबलेले रेषे फुगून वर येतात. फळीला पडलेला पोचा ओल्या फडक्यावर इस्त्री ठेवून काढतात ना, तेच तत्त्व. पोळपाट रोज धुतला जाणार, त्यावर पंचाचा आकडा वर्षभरात निम्मा उरेल.

जपानी कारागीर ह्याच गोष्टीचा उलटा उपयोग करतात, त्याला 'उकिबोरी' म्हणतात. आधी बोथट हत्याराने रेघ दाबायची, मग आजूबाजूचं लाकूड दाबलेल्या पातळीपर्यंत तासायचं, मग पाणी लावायचं. दाबलेला भाग फुगून वर येतो आणि उठावाचं अक्षर तयार.

समईवात
म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर फुकट उकिबोरी.

चिपळूणची_चिपळी
पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून. मूळ पोस्टमध्ये 'पावसाळ्यात जास्तच बुजतं' असं आहे. त्याचं खापर लाकूड फुगण्यावर फोडलं जातं, पण आकडे बघा. हवेतली आर्द्रता ६० टक्के असताना लाकडातलं पाणी ११ टक्क्यांच्या आसपास थांबतं, ८५ टक्क्यांना १८ च्या आसपास. तेवढ्या फरकाने फळी आडव्या अंगाने फार तर एखाद-दोन टक्के वाढेल. १ मि.मी.च्या खाचेचे दोन टक्के म्हणजे ०.०२ मि.मी. त्याने अक्षर बुजत नाही.

बुजतं ते तीन कारणांनी. एक, बोथट पात्याने कापण्याऐवजी दाबलेले रेषे (गोलचींनी सांगितलेला पंचाचाच प्रकार, फक्त नकळत झालेला). दोन, ओल लागून उभी राहिलेली लव. तीन, आणि हे सगळ्यात मोठं, खाचेत साचलेला सीलर (पॉलिशच्या आधी छिद्रं बुजवायला लावतात तो थर). तीन हात जाड सीलर ब्रशने मारला की १ मि.मी. खाचेचा तळ भरून येतो आणि व्ही चा यू होतो.

लवेवर उपाय: कोरून झालं की ओलं फडकं फिरवा, पूर्ण वाळू द्या, मग त्याच खाचेतून धारदार पातं हलकेच परत ओढा. उठलेली लव कापली जाते, पुन्हा फारशी उठत नाही.

शिवणकाठी
सीलर तीन हात, जाड, ब्रशने. पकडलंत.

रंधा_नं_५
पहिला हात निम्मा थिनर घालून पातळ करा आणि कापडाने पुसल्यासारखा लावा. लगेच कडक कोरड्या ब्रशने अक्षरांतून फिरवा, साचलेलं निघून येतं. पावसात एनसी (नायट्रोसेल्युलोज) सीलर आणि चपड्याचं (लाखेचं) पॉलिश दोन्ही पांढरे पडतात, कारण थिनर किंवा स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी तिथे जमतं. उघडीप बघून दुपारी करा. सीलरला रिटार्डर (हळू उडणारा) थिनर मिळतो, तो वापरा.

जवसाचं तेल लावणार असाल तर १५ मिनिटांनी खाचेतलं जास्तीचं तेल कापसाच्या काडीने टिपा, नाहीतर महिनाभर चिकट राहतं आणि त्यात पीठ बसतं. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, पसरून वाळवा. ढिगात तापून पेटतात.

आडोळी
पण पोळपाटाला सीलर लावायचाच कशाला? रोज धुवायची वस्तू ती. वरून काही नको, खालून नुसतं कोमट खोबरेल. पाट, चौरंग ह्यांना पॉलिश ठीक.

फणसपोळी
फणसातल्या 'व'च्या पोटाबद्दल अजून कोणी बोललं नाही. कोरायच्या पट्टीवर आधीच पातळ चपड्याचे दोन हात द्या, १०० ग्रॅम चपडा एक लिटर स्पिरिटमध्ये. रेषे ताठ होतात, बेटं टिकतात. अगदीच ठिसूळ जागा असेल तर पातळ सुपरग्लूचे दोन थेंब जिरवून पूर्ण वाळल्यावर कोरा. डाग पडतो, पण खालच्या बाजूला कोण बघतंय.

गाठीचं पोट कोरताना आधी आतली कड, मग बाहेरची. बाहेरची आधी कापली तर आतल्या कापाचा सगळा दाब त्या एवढ्याशा बेटावर येतो.

लाटांचा_आवाज
छाप्याचं कोणी सांगितलं नाही. नाव संगणकावर टाइप करा, टंक (फाँट) एकसारख्या जाडीचा घ्या. 'मुक्त' मध्यम जाडीत चांगला. 'बालू' गोंडस आहे, पण जाड, त्याची पोटं ह्या आकारात बंद होतात. कागद पातळ गोंदाने थेट लाकडावर चिकटवा आणि कागदासकट कोरा, उरलेला ओल्या फडक्याने निघतो. किंवा लेझर प्रिंटरवर उलटी प्रत काढून पालथी ठेवा आणि मागून थिनरचं फडकं दाबा, शाई लाकडावर उतरते. इंकजेटची उतरत नाही.

पाटपाणी
'उलटी प्रत' ठळक अक्षरांत लिहा. विसरलात तर पोळपाटाबरोबर आरसा द्यावा लागेल.

तारकर्लीचो_वारो
खाचेत काळा रंग भरला तर लांबूनही वाचता येईल ना?

गोलची
येईल, पण शिवणीत शाई छिद्रांतून बाहेर पसरते आणि अक्षराला मिशा फुटतात. आधी खाचेत पातळ चपडा, वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक रंग, मग वरचा थर ३२० च्या पेपरने ठोकळ्यावर घासून काढा. नुसत्या बोटाने घासलंत तर कडा गोल होतात. धुण्याच्या वस्तूला रंग नकोच. तिथे खोल उभट खाच पुरे.

वकिली_चष्मा
एक आगंतुक सूचना. नावापुढे वर्तुळातलं 'आर' कोरू नका. ते फक्त नोंदणी झालेल्या व्यापारचिन्हाला चालतं, ट्रेड मार्क्स कायदा १९९९ प्रमाणे ते खोटं वापरायला मनाई आहे. 'टीएम' नोंदणीशिवाय चालतं. नोंदणी करायचीच झाली तर फर्निचर वर्ग २०, स्वयंपाकघरातली भांडीकुंडी वर्ग २१, खेळणी वर्ग २८.

आडोळी
१० मि.मी.त वर्तुळ आणि त्यात आर. चष्मेवाले, आधी चष्मा बदला.

शिवणकाठी
शिवणीच्या तुकड्यावर वरच्या क्रमाने करून बघितलं. मजकूर आता फक्त दुकानाच्या नावाचं पहिलं अक्षर 'सा' आणि शेजारी '२५'. अंग ९ मि.मी., रेघ १.२. शिरोरेखेची खालची कड आधी आखली, एकही कण उडाला नाही. ओल्या फडक्यानंतर दुसऱ्यांदा पातं फिरवल्यावर खाच आतून चकचकीत. पातळ सीलरचा एक हात दिला, तळ अजून व्ही च आहे.

एकच शिल्लक. '२५' मधल्या '२'चा वरचा वळसा खडबडीत येतो, एका बाजूने स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूने फाटका.

गोलची
अर्ध्या वळणानंतर तुम्ही रेष्यांच्या उलट कापताय. वळसा एका ओढीत कापू नका. माथ्यावर थांबा, तुकडा १८० अंशांत फिरवा आणि दुसरी बाजू परत माथ्यापासूनच खाली कापा. दोन्ही काप उतरणीने जायला हवेत. माथ्यावर जोड दिसला तर टोकाने एकदा टिपा.

शिवणकाठी
फिरवून केलं. आला. 'सा'च्या गाठीलाही तेच लावलं.

मालवणी_मसाला
आनि बांगडो?

शिवणकाठी
तो पुढच्या चौरंगावर. डोळ्याला १ मि.मी.चं बेट ठेवावं लागेल, फणसात नको, शिवणीत करतो.